मॅडम हजर, चेहरा गैरहजर

लोकांना वाटतं, शाळेत किस्से होतात ते मुलांचे. साफ चूक. मुलं बिचारी बेल वाजली की घरी जातात. किस्से होतात स्टाफरूममध्ये, आणि ते कोणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावर जुन्या उत्तरपत्रिका साठतात तसे साठत जातात, आणि एखाद्या दिवशी धूळ झटकायला गेलं की सगळे एकदम अंगावर!

आमची शाळा आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या पुढे, पेनगंगेच्या अलीकडे. अर्धी मराठी मीडियम, अर्धी तेलुगू मीडियम, स्टाफरूम मात्र एकच. मी तिथे विज्ञान शिकवते. नाव संगीता, पण ते हजेरीपुरतं. एरवी मी 'सायन्सवाल्या मॅडम'. कोणाला खोकला झाला, कोणाचा मिक्सर बंद पडला, कोणाच्या म्हशीनं चारा सोडला, की विचारायचं मलाच. गेल्या वर्षी तीन महिने मात्र खोकला, मिक्सर, म्हैस सगळं बाजूला पडलं आणि एकच विषय उरला. सुलोचनाताईंच्या डोळ्यांखालच्या थैल्या!

सुलोचनाताई मराठी शिकवतात. वय त्रेपन्न. वर्गात 'मी येते, मी जाते' असं शुद्ध शिकवणाऱ्या ताई स्टाफरूममध्ये पाऊल टाकताच 'मी येतो, मी जातो' वर येतात. डोळ्यांखाली दोन फुगलेल्या थैल्या आणि त्याखाली सुरकुत्यांची बारीक जाळी. आम्ही पंधरा वर्षं तो चेहरा पाहतोय. पंधरा वर्षांत त्या थैल्यांचा कोणाला त्रास झाला नाही. मग त्यांच्या मुलाला झाला.

* * *

मुलगा प्रशांत, हैद्राबादला सॉफ्टवेअरमध्ये. पोरगं हैद्राबादला गेलं की त्याला आधी आईच्या बोलण्यातल्या चुका दिसायला लागतात, मग चेहऱ्यातल्या. त्याच्याच ऑफिसातली बोथ गावची स्नेहा त्यानं पसंत केली. ताईंचे यजमान बोथला जाऊन बोलणी करून आले. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तीन महिन्यांनी करायचं ठरलं. बोलण्यांच्या दिवशी ताईंना नेमकं ट्रेनिंग होतं, त्यामुळे विहिणी-विहिणींची भेट थेट साक्षगंधात व्हायची होती. इथपर्यंत सगळं गोड.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडून बसलेलो, तेवढ्यात प्रशांतचा व्हिडिओ कॉल आला.

"मम्मी, तुह्या डोळ्याखाली काय झालं?"

"काई नाई झालं. असेच हायत."

"हॉलमधी मोठी एलईडी स्क्रीन लावून राह्यलो आपन. चेहरा लय मोठा दिसते त्याच्यावर. स्नेहाच्या घरचे काय म्हनतीन? कायतरी कर ना वं!"

आम्ही सगळे एकदम आपापल्या डब्यात पाहायला लागलो. ताईंनी फोन ठेवला आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून डबा बंद केला. त्या दिवशी त्यांनी मनाशी धरलं: साक्षगंधाच्या आत हे डोळे नीट झाले पाहिजेत, पोराची मान खाली जाता कामा नये.

आठवड्यात हैद्राबादहून पार्सल आलं. मोठा खोका, आत दुसरा खोका, आत बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद, आणि त्याच्या पोटात करंगळीएवढी ट्यूब. रोज वाटाण्याएवढं क्रीम लावायचं, असं वर लिहिलेलं. मी दाबून पाहिलं. ट्यूबमध्ये मोजून चार वाटाणे असतील.

मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचून दाखवली. "सूज कमी होईल, सुरकुत्या जातील, दहा वर्षांनी लहान दिसाल."

आमचे हेडमास्तर देवराव सर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांच्या रिटायरमेंटला एक वर्ष राहिलेलं. ते गंभीरपणे म्हणाले, "धा वर्षं? मंग रिटायरमेंटबी धा वर्षं पुढं जाते का, पाहा बरं. खाली लिहिलं असन!"

* * *

चार वाटाणे चार दिवसांत संपले. थैल्या जागच्या जागी. मग स्टाफरूमनं केस हातात घेतली.

आपल्याकडे डॉक्टर मिळायला आदिलाबादला जावं लागतं, पण सल्ला जागेवर मिळतो. कोणी म्हणालं बटाटा, कोणी म्हणालं काकडी, कोणी म्हणालं एरंडेल. तेलुगू शिकवणाऱ्या पद्मजा मॅडम म्हणाल्या थंड चमचे. मी म्हटलं, "ताई, वय झालं की तिथली कातडी सैल पडते, आतली चरबी पुढं येते. पापड-लोणचं कमी करा, झोप घ्या, बाकी सोडून द्या." हे कोणालाच आवडलं नाही. ज्या सल्ल्यात काही चोळायचं नसतं तो सल्ला आपल्याकडे सल्ला धरत नाहीत.

शेवटी काकडी ठरली. रोज ऑफ पिरियडला ताई स्टाफरूमच्या लांब बाकावर आडव्या व्हायच्या आणि दोन डोळ्यांवर दोन चकत्या ठेवायच्या. पाचव्या दिवशी, कसलीही वर्दी न देता, तपासणीला साहेब आले!

साहेब बाहेरचे, मराठी येत नव्हतं. स्टाफरूमच्या दारात येऊन थबकले. समोर बाकावर एक सीनियर शिक्षिका, हात छातीवर, डोळ्यांवर काकडी.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

ताईंना वाटलं कोणी पालक आला. त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "हेडमास्तर तिकडं बसतेत."

देवराव सर साहेबांच्या मागेच होते. तीस वर्षांच्या नोकरीत माणूस काय शिकतो ते मला त्या दिवशी कळलं. सरांनी पापणीही न हलवता सांगितलं, "सर, टीएलएम है!"

टीएलएम म्हणजे टीचिंग लर्निंग मटेरियल, शिकवण्याचं साहित्य. आमच्याकडे तपासणीत सगळ्यात आधी तेच विचारतात. साहेबांनी काकडीकडे पाहिलं. "कौन सा लेसन?"

"ज्ञानेंद्रिये, सर!"

साहेबांनी रजिस्टरमध्ये सही केली, शेरा चांगला दिला आणि जीपकडे निघाले. जाता जाता मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, कितने मिनट रखना पड़ता है?"

मी तेव्हा नीट पाहिलं. साहेबांच्या थैल्या ताईंपेक्षा मोठ्या होत्या.

* * *

एकदा डोळ्यांखाली पाहायची सवय लागली की माणूस माणसाकडे बघतच नाही, थैल्याच बघतो. स्टाफरूममध्ये सगळे सगळ्यांचे डोळे तपासायला लागले. त्यात एक सकाळ देवराव सर सर्दीनं बेजार होऊन आले, डोळे टम्म सुजलेले.

पद्मजा मॅडम लांबून, समुद्राकडच्या जिल्ह्यातून लग्न होऊन आदिलाबादला आलेल्या. त्यांची तेलुगू पुस्तकी. आमच्याकडचे तेलुगू लोक डोळ्यांना 'कंड्लु' म्हणतात. पद्मजा मॅडम म्हणतात 'कळ्ळु'. आणि 'कल्लु' म्हणजे आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एकच गोष्ट: ताडी!

त्या काळजीनं म्हणाल्या, "सार, मी कळ्ळु वाचायि." म्हणजे, सर, तुमचे डोळे सुजलेत.

देवराव सरांना तीस वर्षांत बाजारापुरतीच तेलुगू आली. त्यांना एकच शब्द कळला. आणि तो शब्द कोणाला ऐकवला? ज्या माणसानं वडिलांची ताडी पाहून जन्मात थेंबाला हात लावला नाही, जो दर वर्षी गावात दारूबंदीची प्रभातफेरी काढतो, त्याला! सकाळी सकाळी! प्रार्थनेच्या आधी!

सर लाल झाले. छातीवर हात ठेवून, अख्ख्या स्टाफसमोर, मोडक्या तेलुगूत ठणकावून म्हणाले, "नाकु कल्लु लेदु! एप्पुडु लेदु!"

म्हणजे त्यांच्या मते: मला ताडी नाही, कधीच नाही. पद्मजा मॅडमच्या कानाला आलं: मला डोळे नाहीत, कधीच नव्हते.

त्यांच्या हातातली पर्स खाली पडली. "अय्यो देवुडा! मंग सार, एवढे वर्षं सह्या कशा केल्या?"

* * *

काकडीचा महिना वाया गेला. साक्षगंधाला एक महिना राहिला. ताई आदिलाबादला एका स्किनच्या डॉक्टरकडे गेल्या. एकट्याच. मी 'येते' म्हणाले होते, पण त्यांना लाज वाटली असावी.

आता इथे आमच्या बोलीचं एक सांगायला हवं. आम्ही बोलताना 'ह' गिळतो. 'आम्ही'चं आमी, 'तुम्ही'चं तुमी, आणि वाफेचं वाप. 'वाप घे, सर्दी जाईन,' असंच घरोघरी म्हणतात. आणि तेलुगूत 'वापु' म्हणजे सूज.

दवाखान्यात जत्रा. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले आणि कंपाउंडरला तेलुगूत लिहून घ्यायला सांगितलं, "कंटि किंद वापु." डोळ्याखाली सूज. मग ताईंकडे वळून हिंदीत म्हणाले, "दिन में दो बार, दस-दस मिनट. पट्टी ठंडी रखना." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मराठीच्या शिक्षिका त्या. वाक्य जुळवणं हाच धंदा. 'वाप', दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, मग वरून गार पट्टी. वाक्य एकदम शुद्ध!

आठ दिवस ताईंनी सकाळ-संध्याकाळ डोक्यावर सोलापुरी चादर घेऊन पातेल्यातली वाफ घेतली. तीही डोळे उघडे ठेवून, कारण औषध डोळ्यांचं ना! नवव्या दिवशी चेहरा असा झाला की ताईंनी दार उघडल्यावर दूधवाल्यानं त्यांनाच विचारलं, "बाई घरी नाईत का?"

मी त्यांना ओढत परत दवाखान्यात नेलं. डॉक्टर चेहरा बघून उडालेच. "भाप लेने को किसने बोला?"

"तुमीच तं बोले! वाप बोले ना तुमी, कंपाउंडरले!"

डॉक्टर कंपाउंडरकडे बघतात, कंपाउंडर कागदाकडे बघतो. माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला हसू आवरेना. मी हिंदीतून दोन्ही शब्द समजावून सांगितले. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात हिंदीत लिहून दिलं: सिर्फ ठंडा.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "संगीता, मी एका शब्दासाठी पोरायचे मार्क कापतो. देवानं आज माहे कापले!"

* * *

दुसऱ्या दिवशी ताई शाळेत आल्या. आमची हजेरी आता मोबाइलवर चेहरा दाखवून लागते. ठरलेल्या वेळेत चेहरा दाखवायचा. फोन ओळखतो, हिरवी खूण येते. चेहरा जुळला नाही की लाल.

ताईंनी चेहरा दाखवला. लाल.

पुन्हा. लाल. चष्मा काढून. लाल. खिडकीजवळ जाऊन. लाल. पद्मजा मॅडम म्हणाल्या, पहिला फोटो काढला तेव्हा हसला होतात, हसा. ताई हसल्या. सुजलेल्या चेहऱ्यानं हसलं की काय होतं ते सांगत नाही. चौथीची दोन पोरं दारातून पळाली.

मग सगळ्यांनी दुरुस्ती सुरू केली. एकानं गाल मागे ओढले, एकीनं कपाळ वर ताणलं, मी कागदानं वारा घातला. दहा माणसं एका चेहऱ्याला खटपट करून मूळ चेहरा आणायला बघत होती, आणि मूळ चेहरा म्हणजे कोणता? तो थैल्यांचाच! जो घालवायला दोन महिने खर्ची पडले, तोच आता मिळेना!

वेळ संपत आली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, मी तुमच्यासमोर उभी हावो. मले पाहून राह्यले ना तुमी?"

"मी पाहून राह्यलो, मॅडम," देवराव सर हताशपणे म्हणाले, "पन माह्या पाहन्याले आता कोन इचारते?"

अखेर सरांनी वर कळवायला अर्ज लिहायला घेतला. सर जुन्या वळणाचे. निजामाच्या काळातल्या कचेरीची भाषा त्यांच्या आजोबांकडून आलेली, अर्ज करायचा तर ते 'बखिदमत', म्हणजे 'सेवेशी', इथपासूनच सुरुवात करतात. बराच वेळ पेन तोंडात धरून बसले. मग एकटाकी लिहिलं. तो अर्ज अजून शाळेच्या फाइलला आहे:

"सदर मॅडम शाळेत हजर असून, त्यांचा चेहरा गैरहजर आहे. तो परत येईपर्यंत सही मंजूर व्हावी."

* * *

चेहरा पाच दिवसांनी परत आला. थैल्या-बिल्या सगळ्यासकट. हिरवी खूण आली तेव्हा स्टाफरूममध्ये टाळ्या वाजल्या. ताईंच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. साक्षगंधाला पंधरा दिवस राहिले होते.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. ताई म्हणाल्या, "प्रशांत म्हनते, हैद्राबादले ये. डोळ्याखाली पिल्लर टाकतेत म्हने."

"काय टाकतात?"

"पिल्लर. सुई टोचून."

मला समजायला वेळ लागला. फिलर! पण ताईंच्या यजमानांच्या डोक्यात 'पिल्लर' पक्का बसला होता. ते आतून ओरडले, "काई गरज नाई पिल्लरची! स्लॅब अजून मजबूत हाय!"

मी पोट धरून हसले. ताई हसल्या नाहीत. चहाचा कप तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "खरं सांग संगीता, मी येवढी वंगाळ दिसतो का वं? ह्याच डोळ्यानं मी त्याले अ-आ-ई शिकवलं. तवा त्याले दिसल्या नाईत ह्या थैल्या?"

मला प्रशांतचा असा राग आला की सांगता सोय नाही. तीन महिने मी या प्रकाराला हसत होते. त्या क्षणी मला माझीसुद्धा लाज वाटली. या बाईंनी पंधरा वर्षं किती पोरांना निबंध लिहायला शिकवलं, आणि त्यांना आरशासमोर उभं करून रडवलं कोणी, तर पोटच्या पोरानं.

मी नजर वळवून भिंतीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या वडिलांचा फोटो. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून या एका मुलीला मास्तरीण केलेला माणूस. फोटोत डोक्याला फेटा, आणि डोळ्यांखाली अगदी तश्शाच दोन थैल्या. त्याच आकाराच्या, त्याच उताराच्या.

"ताई, पाहा," मी म्हटलं. "हे क्रीमनं जात नसते. हे वारशानं आलं."

ताई उठल्या, फोटोजवळ गेल्या, त्या थैल्यांवरून बोट फिरवलं. मग पहिल्यांदाच, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, मोकळं हसल्या.

"आन् आमी भाऊ-बहीन म्हनत होतो, बापानं आमाले काईच ठेवलं नाई!"

* * *

मला वाटलं, संपलं. ताई आता आहे तो चेहरा घेऊन साक्षगंधाला जाणार, मान वर करून. पण आई कधी एवढी शहाणी होते का?

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी प्रशांत आला तो एक डबी घेऊनच. डबीत काळा चष्मा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तसला, बाजूनंही झाकलेला, अर्धा चेहरा गिळणारा.

"मम्मी, हा घालून ठेव. कोनी इचारलं तं म्हन, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कोनाले काई समजत नाई."

यजमान चिडले. मी फोनवर चिडले. ताई म्हणाल्या, "राहू दे. एका दिवसाचा तं प्रश्न हाय. त्याच्या मनासारखं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळा स्टाफ भाड्याच्या गाडीनं बोथला निघालो. ताई माझ्या शेजारी. हातात ओटीचं सामान, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि तोंडानं पाठांतर चाललेलं. "डावा. डावा. कोनी इचारलं तं डावा. उजवा नाई, डावा." गाडी हायवेला लागली तरी डावाच चालू. आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई! मास्तरीण असून एका शब्दाची एवढी धास्ती घेताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

हॉल मोठा. दारातच स्नेहा आली. पोरगी गोड, वाकून पाया पडली. ताईंच्या काळ्या चष्म्याकडे बघून थोडी दचकल्यासारखी झाली आणि प्रशांतकडे असं पाहिलं, की मला वाटलं, झालं, हिला कळलं! प्रशांत पण तिच्याकडे विचित्र बघत होता. मग दोघं घाईघाईनं एकीकडे निघून गेली.

आम्ही आत गेलो. स्टेजवर दोन खुर्च्या, दोन्ही आयांसाठी. ताईंना एका खुर्चीवर बसवलं. मी मागे उभी. वर तो एलईडी स्क्रीन, त्यावर ताईंचा चेहरा एका खोलीएवढा. चेहरा कसला, चष्माच!

"संगीता, दिसते का काई खालचं?" ताईंनी ओठ न हलवता विचारलं.

"काई नाई दिसत," मी म्हटलं. खरंच काही दिसत नव्हतं. ताई तेवढ्यानं सुखावल्या, आणि मला ते पाहवेना.

तेवढ्यात बाजूनं गलबला झाला. "याऽ, इहीनबाई आल्या!" दोन बायांनी हाताला धरून स्नेहाच्या आईला स्टेजवर आणलं. ठेंगणी, गोरी, हिरवं लुगडं, हातभर बांगड्या. पायरी चाचपडत वर चढल्या आणि ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. तसाच. बाजूनंही झाकलेला.

कॅमेरावाल्यानं दोघींना एका फ्रेममध्ये घेतलं. स्क्रीनवर चार काळ्या काचा शेजारी शेजारी झळकल्या आणि अख्ख्या हॉलच्या माना वर झाल्या. देवराव सर पहिल्या रांगेत होते, त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. मी प्रशांतला शोधलं. तो आणि स्नेहा हॉलच्या खांबाआड उभे राहून एकमेकांवर दात-ओठ खात होते.

दोघी विहिणी समोर बघत बसल्या होत्या. सरबत आलं, दोघींनी चाचपडत पेले घेतले. आता काहीतरी बोलायला हवं होतं. ताईंचं उत्तर तर गाडीपासून तोंडपाठ, पण विचारणार कोण? शेवटी ताईच धीर करून वाकल्या आणि अदबीनं म्हणाल्या, "इहीनबाई, तुमचं कोन्त्या डोळ्याचं झालं?"

विहीणबाई गडबडल्या. पेला खाली ठेवला. आधी उजव्या डोळ्याला हात लावला, मग डाव्या. मग मान वळवून खांबाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या,

"थांबा जराशा. पोरीले इचारून सांगतो!"